कोपऱ्यातला आकडा

अण्णांचा उजवा हात थरथरतो हे आमच्या घरात तिघांनाही ठाऊक होतं आणि तिघांपैकी कुणीही ते कधी तोंडानं बोललं नव्हतं. आईनं आपल्या परीनं उपाय केले होते. चहा ती अर्धाच पेला भरून द्यायला लागली. भाजल्या पिठामसाल्याच्या येसराची आमटी पूर्वी पातळ असायची, ती तिनं जाड केली, म्हणजे वाटी तोंडाला लावायची गरज पडू नये आणि भाकरीनं उचलता यावी. मीठ, चटणी, लिंबू सगळं ताटात आधीच वाढलेलं असे. अण्णा जेवायला बसले की आई मुद्दाम चुलीकडे तोंड करून बसायची. मी मात्र बघायची. घास उचलताना बोटं हलायची, मग ते मनगट मांडीवर दाबून धरायचे, जरा थांबायचे आणि पुन्हा घास उचलायचे.

अण्णा कळमनुरीच्या एका शाळेत मुख्य लेखनिक होते. त्यांच्या अक्षराची तालुक्यात ख्याती होती. त्यांनी लिहिलेले शाळा सोडल्याचे दाखले लोक काचेत मढवून ठेवत, असं आई अभिमानानं सांगायची. ते खरं असेल की नाही ठाऊक नाही, पण बाजाराच्या दिवशी अर्ज लिहून घ्यायला चार माणसं आमच्या ओट्यावर हमखास बसलेली असत, हे मी पाहिलेलं आहे. हात बिघडला तेव्हा अण्णांनी पहिल्यांदा ही ओट्यावरची माणसं बंद केली. सांगायचे, "वेळ न्हाई." माणसं नाराज होऊन उठून जायची आणि अण्णा आतल्या खोलीत जाऊन कितीतरी वेळ काहीच न करता बसायचे.

अशात शाळेला एक संगणक मिळाला. पुण्यातल्या कुठल्याशा कचेरीनं नवे घेतले म्हणून जुना देऊन टाकला होता. तिथं तोवर रंगीत पडदे आले होते. आमच्याकडे आला त्याचा पडदा काळा आणि अक्षरं हिरवी. आत साठवायची सोय नव्हती. दोन खाचा होत्या, त्यात मोठ्या लवचिक फ्लॉप्या घालायच्या. एकीत प्रोग्राम, दुसरीत आपलं काम. शाळेत वीज दिवसातून दोनदा जायची. आमची गल्ली सरकारी दवाखान्याच्या लाइनवर होती, तिथं ती टिकायची. अण्णांनी मुख्याध्यापकांना एवढंच सांगितलं आणि मशीन आमच्या मधल्या घरात आलं. खरं कारण मला त्याच दिवशी कळलं. टेबलावर ते आणि त्याचं छपाईयंत्र ठेवून झाल्यावर अण्णा मला म्हणाले, "मंगल, तू हिंगोलीला तीन महिने क्लास केला ना? याच्यावर दहावीची यादी होईल का? आपल्या अक्षराची गरजच नको."

'आपल्या अक्षराची' असं ते म्हणाले. तेवढ्यावर मी समजले.

दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांची यादी म्हणजे शाळेचं वर्षातलं सगळ्यात नाजूक काम. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख, विषय. एक अक्षर चुकलं तर मुलाच्या गुणपत्रिकेत ते जन्मभर राहतं. त्या वर्षी एकशे सेहेचाळीस मुलं होती. एका ठरलेल्या शनिवारी मुख्याध्यापकांनी यादी घेऊन हिंगोलीला जायचं होतं. त्यानंतर यादी घेतली जाणार नव्हती. ती पोचली नाही तर एकशे सेहेचाळीस लेकरांचं वर्ष जाणार, हे अण्णांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं आणि परत कधी सांगितलं नाही.

मशीन चालू झालं की आमच्या घराचा आवाजच बदलायचा. पंखा सारखा घुंई करायचा, आणि फ्लॉपीवर काही लिहायचं असलं की सायकलची चेन उतरून खरडावी तसा आवाज यायचा. आईनं मिक्सर बंद ठेवला, कारण त्यानं पडद्यावरची अक्षरं नाचायची. शेंगदाण्याची चटणी पुन्हा उखळात कुटली जाऊ लागली. अण्णा अर्ज बघून नावं वाचायचे, मी टाईप करायची.

एकाहत्तराव्या नावावर मशीन थांबलं. पडदा तसाच हिरवा, पण एकही बटण ऐकेना. बंद करून पुन्हा चालू केलं तर फ्लॉपीवर काहीच नाही. दुसऱ्यांदा सगळं टाकलं तेव्हा अडुसष्टाव्याला थांबलं. मी क्लासच्या वह्या काढल्या आणि त्यातून कारण कळलं. हा यादीचा प्रोग्राम सगळी नावं आधी मशीनच्या आठवणीत धरून ठेवायचा आणि बाहेर पडताना फ्लॉपीवर उतरवायचा. उतरवताना आधी जुनी यादी पुसायचा, मग नवी लिहायचा. आठवण भरली असेल तर तो मधेच अडकायचा. जुनं पुसलेलं, नवं लिहिलेलं नाही. आणि आठवण किती भरली हे तो सांगायचाच नाही. थोडी थोडी नावं टाकून बाहेर पडायचं आणि यादीचे तुकडे करायचे, एवढाच मार्ग होता. पण किती थोडी? नाव लांब असलं की जागा जास्त जायची. नुसत्या अंदाजानं चालवायचं म्हणजे डोळे बांधून विहिरीच्या काठानं चालायचं.

मला हवा होता तो एक इवलासा प्रोग्राम. पडद्याच्या कोपऱ्यात बसून किती जागा उरली एवढंच दाखवत राहील असा. असे असतात हे क्लासच्या सरांनी सांगितलं होतं. मी हिंगोलीला गेले. सरांनी एक फ्लॉपी दिली. त्यात घड्याळ होतं, कॅलेंडर होतं, बेरजा करायचं यंत्र होतं, उरलेली जागाही दिसत होती. पण तो प्रोग्राम स्वतःच इतकी जागा खायचा की पुढे दहा नावंसुद्धा मावेनात. दुसरा मिळाला तो नुसती वेळ दाखवायचा. तिसरा सुरूच झाला नाही. आता इतक्या वर्षांनी, परवा पुण्याच्या भाच्यानं मला संगणकावर दाखवलं, जुन्या मशिनींचे असे शेकड्यानं प्रोग्राम हौशी लोकांनी गोळा करून ठेवलेत, बोट लावलं की उतरतात. त्याला गंमत वाटत होती. मी बराच वेळ ती नावं वाचत राहिले आणि मला ते दिवस आठवले. तेव्हा शनिवार तीन आठवड्यांवर होता आणि माझ्याजवळ काहीच नव्हतं.

शेवटी नांदेडला रद्दीच्या दुकानात एक जुनं इंग्रजी मासिक मिळालं. त्यात आमच्याच यादीच्या प्रोग्रामसाठी कुणीतरी लिहिलेला छोटा प्रोग्राम छापला होता. फ्लॉपी नव्हती, दोन पानं भरून नुसते आकडे आणि अक्षरं होती, ती एकेक करून मशीनमध्ये घालायची. शून्य ते नऊ आणि पुढं ए ते एफ, असे सोळा अंक. प्रत्येक ओळीच्या टोकाला त्या ओळीची बेरीज दिली होती, पडताळून बघण्यासाठी. सगळा मिळून प्रोग्राम आईच्या किराणा यादीएवढाही नव्हता. मी ते मासिक पदराखाली धरून एसटीत बसले, जणू कुणी हिसकावून घेईल.

नसरीनला मी बोलावलं. ती आमच्या समोर राहायची, माझ्याच वयाची. तिचे अब्बा घड्याळं दुरुस्त करायचे आणि बारीक गोष्टीकडे न कंटाळता बघत राहायची सवय तिला तिकडूनच लागली होती. ती पाट घेऊन माझ्या शेजारी बसली, मासिक मांडीवर घेतलं आणि वाचू लागली.

"बी आठ. शून्य शून्य. पस्तीस. सी डी. एकवीस."

"एकवीस. पुढं?"

"अगे, हळू. मी बोट ठेवून राहिले ना. एकोणनव्वद, एक ई."

दोन दिवस दुपारभर हे चाललं. प्रत्येक ओळ झाली की आम्ही दोघी वहीत सोळाच्या हिशोबानं बेरीज करायचो आणि छापलेल्या बेरजेशी लावायचो. चार ओळी चुकल्या, त्या शोधून दुरुस्त केल्या. शेवटची ओळ झाली तेव्हा नसरीनला घरून हाक आली, पाहुणे आले होते. ती उठता उठता म्हणाली, "या ओळीची बेरीज बघून घे बरं का, छपाई फुटलेली हाय इथं."

मी बेरीज केली. पाचाचा फरक येत होता. पुन्हा केली, पुन्हा पाचच. ओळ डोळे ताणून वाचली, मला चूक दिसली नाही. मग मी म्हटलं चालवून तर बघू. चालवलं, आणि पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक आकडा उमटला. एक नाव टाकलं, आकडा कमी झाला. दुसरं टाकलं, आणखी कमी. मी ओरडलेच. आई पिठाच्या हातानं धावत आली, अण्णा आले. चाललं म्हणजे बरोबर असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं. पाचाच्या फरकाबद्दल मी कुणाला बोलले नाही. नसरीननं दुसऱ्या दिवशी विचारलं, "बराबर आली का?" मी म्हटलं, "आली."

त्यानंतरचे दहा-बारा दिवस आमच्या घरात सण असल्यासारखे गेले. अण्णा त्या आकड्याच्या प्रेमातच पडले. ते अर्ज वाचायचे आणि मधूनच चष्मा वर करून कोपऱ्यात बघायचे, "ऐंशी उरले. अजून धकतंय." तीसच्या आसपास आला की बाहेर पडायचं, असं मासिकात लिहिलं होतं. आम्ही आधी पस्तीसलाच बाहेर पडत होतो, तेव्हा सगळं नीट उतरत होतं. आम्हाला भरवसा आला. मग अण्णा म्हणाले, तुकडे कशाला, सगळी यादी एकत्रच जोडू, छापायला सोपी जाईल. आकडा तर सांगतोच आहे. मी विषयांना एकेका अक्षराच्या खुणा केल्या, त्यानं प्रत्येक नावाला निम्म्याहून कमी जागा लागू लागली, मग तुकडे एकात ओतले आणि सुटे पुसून टाकले. दुसऱ्या फ्लॉपीवर पहिल्या साठ नावांची एक प्रत होती, तेवढीच. नव्या फ्लॉप्या कळमनुरीत मिळत नव्हत्या. अण्णा आता कधी कधी स्वतः टाईप करायला बसायचे, एका बोटानं. बोट थरथरलं की एक अक्षर दोनदा उमटायचं. ते पुसायचे, पुन्हा मारायचे. पण त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी मी ते बघितलं, काम करणाऱ्या माणसाचं समाधान.

शुक्रवारी सकाळी शेवटची सहा नावं राहिली होती. ती टाकायची, छापायची, संध्याकाळी मुख्याध्यापकांकडे द्यायची. अण्णा आंघोळ करून, कपाळाला गंध लावून आले. म्हणाले, "ही सहा मी टाकतो. तू वाच."

कोपऱ्यात बेचाळीस होते. मी वाचत गेले, ते एकेक बटण शोधत मारत गेले. शेवटचं नाव आलं तेव्हा आकडा अडतीस होता. "आठ शिल्लक ठेवून संपली बघ," अण्णा हसून म्हणाले आणि त्यांनी बाहेर पडायचं बटण दाबलं. दाबताना त्यांचा हात हलला. बोट शेजारच्या बटणावर घसरलं, मग पुन्हा बरोबर बटणावर आलं. फ्लॉपीचा खरखर आवाज सुरू झाला आणि मधेच तुटला.

आम्ही दोघं पडद्याकडे बघत राहिलो. आकडा अडतीसच होता. काहीच हलत नव्हतं.

"काय झालं?" आईनं आतून विचारलं.

मी मशीन बंद केलं, चालू केलं. फ्लॉपी रिकामी. दुसरी लावली, साठ नावं. अण्णा आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. तो हात त्यांनी डाव्या हातात धरला होता, एखाद्या वांड पोराचा दंड धरावा तसा.

"माझं बोट दुसऱ्यावर पडलं," ते म्हणाले. "मी पाहिलं. माझ्याच हातानं झालं हे."

मला त्याच क्षणी कळलं होतं. अडतीस खोटं होतं. पाचाचा फरक त्या आकड्यात कुठंतरी शिरला होता आणि तो दर नावागणिक थोडी थोडी जागा जास्त दाखवत होता. छोट्या छोट्या तुकड्यांत ते खपून गेलं, पूर्ण यादीत बाहेर आलं. बोट घसरल्यानं मशीन अडकत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी ते सांगितलं नाही, फ्लॉपी काढून पुन्हा लावत राहिले.

मुख्याध्यापक दुपारी स्वतःच आले. गोरे, उंच, बोलायला तुटक, पण मनानं सरळ माणूस. अण्णा उभे राहिले. शाळेतल्या माणसांशी ते नेहमी पुस्तकी मराठी बोलत. "सर, यादी गेली. माझा हात थरथरतो, गेले आठ-नऊ महिने. आपल्यापासून लपवून ठेवलं. त्या हातानं चुकीचं बटण दाबलं गेलं. चूक सर्वस्वी माझी."

सरांनी त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "सांगितलं काहून न्हाई तुमी?" त्यांच्या तोंडून घरगुती बोली मी पहिल्यांदाच ऐकली.

"सांगून काय झालं असतं, सर?"

मी दाराशी उभी होते. तो क्षण माझा होता आणि मी तो जाऊ दिला.

पुढचा दिवस कसा गेला ते तुकड्यातुकड्यांत आठवतं. सरांनी दोन शिक्षकांना बोलावून घेतलं. मी, ते दोघं आणि नसरीन, चौघांनी शाळेचे कोरे तक्ते घेऊन रात्री उशिरापर्यंत आणि शनिवारी सकाळी पुन्हा लिहिलं. अण्णा मधे बसून नावं वाचत होते. वाचताना त्यांचा आवाज अजिबात हलला नाही. प्रत्येक वेलांटी, प्रत्येक अनुस्वार सांगून. आईनं आम्हाला जागेवरच भाकरीत झुणका गुंडाळून दिला, कागदाला तेल लागू नये म्हणून हात धुवायला तांब्या घेऊन ती मागे उभी राहायची. दहाच्या सुमारास यादी पूर्ण झाली. सर जीपमध्ये बसून हिंगोलीला गेले. दुपारी यादी स्वीकारल्याचा निरोप आला. एकाही मुलाचं वर्ष गेलं नाही.

सोमवारी अण्णांना लिहिण्याच्या कामातून मोकळं केलं. ओरडून नाही, अपमान करून नाही. त्यांच्या खुर्चीवर दुसरा लेखनिक बसला आणि अण्णांकडे ग्रंथालयाच्या आणि सामानाच्या कपाटांच्या किल्ल्या आल्या. ते घरी येऊन गप्प जेवायचे. आता हात लपवायचीही गरज उरली नव्हती. घास सांडला तर सांडू द्यायचे. मला ते बघवेना. ओल्या तुरीच्या दाण्यांची, सोल्याची भाजी माझ्या आवडीची, आई मुद्दाम करायची, मी ताटात तशीच ठेवायची. आईला वाटलं मला बापाची काळजी लागलीय. नसरीन एकदा म्हणाली, "तू इतकी वाळून काहून राहिली? तकलीफ काय हाय?" तिलाही मी सांगितलं नाही, कारण तिला आधीच एक खोटं सांगून बसले होते.

आठ दिवस. नवव्या दिवशी रविवारी दुपारी अण्णा ओसरीत एकटे बसले होते. मी मासिक आणि वही त्यांच्यापुढं ठेवली आणि उभ्याउभ्याच सगळं बोलले. बेरीज, पाचाचा फरक, नसरीनला दिलेलं उत्तर, अडतीस. रडले नाही. रडले असते तर बोलता आलं नसतं.

अण्णांनी चष्मा लावला. "हे सोळाचं गणित काय असतं ते सांग."

मी सांगितलं. तासाभरात त्यांना ते आलं. मग त्यांनी शेवटची ओळ घेतली, पेन्सिल डाव्या हातात धरली आणि एकेक आकड्यावर टेकवत पुढे सरकले. फुटलेल्या छपाईपाशी थांबले. मासिक उजेडात तिरकं धरलं.

"हा आठ न्हाई. तीन हाय," ते म्हणाले.

मी मशीन लावलं, आठाचा तीन केला, बेरीज जुळली. नावं टाकत गेलो तसा कोपऱ्यातला आकडा आता भराभर उतरत होता. आम्ही तो तीसवर आणला आणि बाहेर पडलो. सगळं नीट उतरलं. अण्णांनी चष्मा काढून वहीवर ठेवला. मला वाटलं आता रागावतील, मारतीलही. ते म्हणाले, "आकडा चुकतो माणसाचा. माझाही चुकला असता. पण आठ दिवस तू गप काहून बसलीस, ते सांग."

आज पन्नाशी ओलांडल्यावरही मी त्याचं उत्तर शोधते तेव्हा एवढंच सापडतं की मी भ्याले होते, आणि त्यांनी दोष स्वतःवर घेतल्यानं मला त्या भीतीत सोय झाली होती. हे त्या वयात मला शब्दांत सांगता आलं नसतं. मी मान खाली घालून उभी राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

सोमवारी सकाळी ते म्हणाले, "चल." मासिक काखेत, मी मागे. शाळेत घंटा व्हायची होती. मुख्याध्यापकांच्या खोलीत त्यांनी मला पुढं केलं. "सर, हिला काही सांगायचं आहे." मी सांगितलं. शब्द अडखळत होते, पण सगळे सांगितले. सर ऐकत होते आणि मधेमधे अण्णांकडे बघत होते. माझं संपल्यावर ते खुर्चीत मागे रेलले.

"म्हणजे तुमचा हात..." ते म्हणाले. "मग तुम्ही तुमच्या जागेवर परत यायला..."

"नाही सर," अण्णा म्हणाले. "मी त्यासाठी आलो नाही. हात खराबच आहे, आता लिहिणं होणार नाही. किल्ल्या माझ्याकडेच राहू द्या." त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा, आणि तो थरथरत होता. "पण हे त्यानं केलेलं नाही. एवढंच."